पालथ्या होडीखाली

राधानगरीच्या धरणाकाठी हौसेनं शिडाची होडी बाळगणारे हंबीरराव मास्तर एकटेच. गारगोटीच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर लोक देवदेव करतात; मास्तरांनी होडी केली आणि त्यांच्या बायकोनं, संयोगिताबाईंनी, शीड शिवलं. गाव आधी हसलं, मग गावाला सवय झाली.

दर थंडीत होडी बाहेर काढायची, पालथी घालायची, घासायची, फटींत जवसाच्या तेलात मळलेली लांबी भरायची आणि वरून वॉर्निश मारायचं. फटी शोधायची दोघांची रीत ठरलेली. अंधार पडला की बाई होडीखाली शिरायच्या, मास्तर कडेनं गोणपाट लावायचे आणि बाहेरून बॅटरी फिरवायचे. आत जिथं उजेड दिसेल तिथं बाई टकटक करायच्या.

"हितं?" मास्तर विचारायचे.

"व्हय," आतून यायचं, की मास्तर पत्र्याच्या पट्टीनं ती फट लांबीनं बुजवायचे.

बाई श्रावणात तापानं गेल्या. मुलगा म्हणाला, होडी विका आणि पुण्याला या. संक्रांतीला होडी पाण्यात उतरली तर इथंच राहीन, नाहीतर येतो, असं मास्तर हट्टानं बोलून बसले.

शेजारच्या गुंडूनं होडी पालथी करायला हात लावला. "मास्तर, फटी बघाय दुसरं माणूस लागतंय की. उद्या येतो मी."

"नको. माझं मी बघतो."

बाईंच्या जागी दुसरं माणूस त्यांना सोसलं नसतं.

अंधार पडल्यावर मास्तरांनी बॅटरी लावून दगडावर ठेवली, शेजारी लांबीचं डबडं ठेवलं, आत शिरले आणि गोणपाट ओढून घेतलं. दमट लाकडाचा वास कोंडला होता. एका फटीतून उजेडाची रेघ आली. सवयीनं हात वर गेला. टकटक. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. बाहेर ऐकायला होतं कोण?

उजेड हलला.

"गुंडू?..."

पत्र्याची पट्टी लाकडावर घासल्याचा आवाज झाला, जवसाच्या तेलाचा वास आला आणि रेघ विझली. उजेड पुढच्या फटीशी जाऊन थांबला. नुसताच थांबून राहिला. मास्तर तिच्याखाली सरकले. त्यांनी टकटक केली. तीही फट बुजली. मग पुढची...

आता बाहेर पडलेलं बरं, म्हणून त्यांनी गोणपाट चाचपलं. हाताला लाकूड लागलं. चारी बाजूंनी लाकूडच.

एकच फट उरली होती. उजेड तिच्याशी थांबला.

"हितं?..."

आवाज बाईंचाच होता.

मास्तर भ्यायले होते, हे खरं. पण श्रावणापासून त्यांना इतक्या मायेनं कुणी काही विचारलं नव्हतं.

"व्हय," ते म्हणाले. "हितंच."

सकाळी गुंडू आला तेव्हा बॅटरी दगडावर होती तिथंच होती, विझलेली. होडीवरची लांबी अजून ओली होती.

"मास्तर?" म्हणत त्यानं होडीवर टकटक केली.

आतून टकटकीनं उत्तर आलं. आधी एका टोकाकडून, मग दुसऱ्या टोकाकडून.