बरणीतली अकरा पिल्लं

"मामा, थांब! ओतू नकोस!"

पेन्सिल एवढ्या जोराने ओरडली की मामाच्या हातातली निळ्या औषधाची बाटली पडता पडता वाचली. पेन्सिल म्हणजे मामाची तेरा वर्षांची भाची. अंगाने काडी, म्हणून हे नाव. सुट्टी लागल्या लागल्या ती आणि धाकटा भाऊ ढब्बू मामाकडे आले होते. मामा घड्याळं दुरुस्त करायचा. केसाएवढ्या स्प्रिंगला हात लावताना श्वास रोखणारा हा माणूस दुकानातल्या माशांच्या टाकीपुरता मात्र पक्का धांदरट होता.

"अगं, जंत झालेत त्यात! टाकीसाठी मासे आणि वनस्पती देतो ना, तो मासेवाला म्हणाला, हे टाकलं की तासाभरात सगळं साफ."

"जंतांना पाय असतात का?"

पेन्सिलने मामाचं डोळ्याला लावायचं भिंग उचललं आणि काचेला नाक टेकवलं. पाणवनस्पतीआड नखाएवढं पिल्लू बसलं होतं. मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे झुबके आणि पुढे दोन इवलेसे पाय. त्यांना बोटंसुद्धा होती!

"रविवारपर्यंत ते काय आहे ते सांगा," मामा म्हणाला, "नाहीतर मोरीत!"

मुलांनी चमच्याने एकेक करून अकरा पिल्लं बरणीत काढली. शेजारचा मास्तर वयाने बाराचा, पण बोलायला साठीचा. तो वाचनालयातून जाडजूड पुस्तक घेऊन आला.

"बेडकाच्या पिल्लाला आधी मागचे पाय फुटतात," त्याने वाचलं. "यांना आधी पुढचे फुटलेत, आणि कल्लेही बाहेर आहेत. म्हणजे ही न्यूटची पिल्लं! बेडकाची लांबची भावंडं. मोठेपणी पालीसारखी दिसतात, पण अंगावर खवले नसतात."

"जिंकलो!" ढब्बू नाचायलाच लागला.

पण आनंद दोन दिवसही टिकला नाही. मुलं माशांच्या खाद्याची पूड टाकत होती, आणि पिल्लं कमी होत होती. अकराची नऊ झाली, नवाची सात.

"चोरी!" ढब्बूने शेजारच्या मांजरावर आळ घेतला. मुलांनी बरणीला जाळी बांधली, भोवती पीठ पसरलं. सकाळी पिठावर एकही पाऊल उमटलं नव्हतं, आणि पिल्लं उरली होती सहा!

पेन्सिल भिंग लावून बरणीपाशी ठाण मांडून बसली. दुपारी तिला चोर सापडला. सगळ्यात मोठ्या पिल्लाच्या तोंडातून सगळ्यात लहानाची शेपटी बाहेर आली होती.

तिने बरणीचा तळ न्याहाळला. खाद्याची पूड तळाशी तशीच सडत होती. जे हलत नाही ते ही पिल्लं खातच नव्हती, आणि बरणीत हलत होती ती फक्त भावंडं.

"चोर आपणच आहोत," ती म्हणाली आणि रडायला लागली. ढब्बूनेसुद्धा तिला चिडवलं नाही. उरलेली पाच पिल्लं तिने पाच वेगळ्या ग्लासांत ठेवली. आता जिवंत खाद्य हवं होतं, तेही लगेच.

"वनस्पती जिथून आली तिथे यांचं खाणं असणारच," मास्तर म्हणाला.

पण मासेवाला दाद देईना. "मोठ्या रोपवाटिकेतून येते ती. पत्ता देत नसतो आम्ही."

"बरं काका," पेन्सिल साळसूदपणे म्हणाली. "मामाला उद्या सकाळी त्या वनस्पतीच्या दहा जुड्या हव्यात. अगदी ताज्या!"

सकाळी मासेवाल्याच्या सायकलमागे तीन सायकली निघाल्या. बंद पडलेल्या वीटभट्टीमागे पाण्याने भरलेला खड्डा होता. तिथे तो दाताळ्याने वनस्पती ओढून काठावर ढीग घालत होता.

"वा काका! केवढी मोठी रोपवाटिका!" मास्तर म्हणाला. मासेवाल्याचा चेहरा खर्रकन उतरला.

पेन्सिल मात्र हसली नाही. तिने ढिगातलं एक दुमडलेलं पान अलगद उलगडलं आणि भिंग मासेवाल्याच्या हातात दिलं. "आत अंडं आहे बघा. आई एकेका पानात एकेक अंडं गुंडाळून ठेवते. पुस्तकात दिलंय."

मासेवाल्याने भिंग डोळ्याला लावलं. "किती वर्षं उपटतोय मी हे," तो हळूच म्हणाला. मग त्याने तो अख्खा ढीग स्वतःच्या हातांनी परत पाण्यात लोटला आणि फडक्याने पाण्यातले बारीक किडे कसे गाळायचे ते मुलांना शिकवलं.

रविवारी मामाने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने कामाच्या टेबलाचा अर्धा भाग रिकामा केला आणि तिथे पाच ग्लास मांडले.

सुट्टी त्या ग्लासांभोवतीच गेली. रोज ताजे किडे, रोज ताजं पाणी. मागचे पाय फुटले, पिसांचे झुबके आखडत गेले. मग प्रत्येक ग्लासात पाणी कमी करून वर चढायला एकेक दगड ठेवला. शाळा उघडायला चार दिवस उरले, तेव्हा सगळे मिळून खड्ड्यावर गेले. मासेवालाही आला.

चार पिल्लं ओल्या दगडांआड पसार झाली.

"शाबास, पेन्सिल!" मामा म्हणाला. "पाचच्या पाच जगवलीस!"

"अकरा होती, मामा. सहा माझ्या हातून गेली."

मामा आता समजूत घालेल, असं तिला वाटलं. पण त्याने मान डोलावली.

"हो, गेली. माझ्या हातून तर सगळीच गेली असती, आणि मला पत्तासुद्धा लागला नसता. तू मोजत होतीस, म्हणून तुला कळलं."

पेन्सिलने शेवटचा ग्लास आडवा धरला. पिल्लाने एक पाय बाहेर टाकला, जरा थांबलं आणि दगडाखाली शिरलं. "पाच," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिला मनापासून हसू आलं.