कोरी चिप

आधी दादाला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यानंतर काही दिवसांतच गॅरेजात उभ्या असलेल्या त्याच्या गाडीनेही मान टाकली.

इंजिनला पेट्रोल कधी आणि किती पाजायचं हे ठरवणारी पेटी दादाने घरीच बनवली होती. तिच्यातली चिप जळली होती. तसली चिप आता कुणी बनवत नव्हतं, आणि तिच्यातला प्रोग्राम दादाच्या डोक्याबाहेर कुठेच नव्हता.

धाकटी बहीण हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करायची. सुट्टी काढून ती आली आणि वेगळ्या जातीची नवी चिप जुन्या पेटीत बसावी म्हणून छोटा बोर्ड बनवायला बसली.

"गाडी सुरू झाली तर दादाला आवाज तरी ऐकू येईल," ती म्हणाली.

वहिनी दादाच्या उशीचा अभ्रा बदलत होती. "ऐकायला आत कुणी असलं तर ना," ती हळूच म्हणाली.

दादाचे डोळे छतावर होते. धाकटी पुन्हा बोर्डकडे वळली.

दुपारी तिने बोर्ड पेटीत बसवला. चिप कोरी होती. प्रोग्राम नव्याने लिहायचा होता; अजून त्याची एक ओळही तिच्यात नव्हती. इंजिन फिरल्याचा सिग्नल चिपपर्यंत पोचतो का, एवढंच बघायचं होतं. तिने किल्ली फिरवली.

इंजिन सुरू झालं.

ती सीटवर तशीच थिजली. मग लॅपटॉप जोडून चिपची मेमरी वाचली. रिकामी. पुन्हा वाचली. रिकामीच. कोरी चिप पेट्रोलचा एक थेंब सोडणार नाही, हे तिला स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. आणि समोर इंजिन गुरगुरत होतं, एकही ठोका न चुकवता.

पाय पेडलपासून लांब होता. तरी आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला. दादा सिग्नलला थांबला की असाच खेळायचा.

"अगं, लवकर ये!" आतून वहिनी ओरडली. "बोट हलतंय यांचं!"

धाकटी धावली. दादाच्या उजव्या हाताची तर्जनी, सगळ्यांनी आशा सोडलेल्या हाताची, चादरीवर टकटकत होती. आधी बोट भरभर चाले, मग गॅरेजात आवाज चढे. आधी बोट, मग इंजिन. दर वेळी.

"दादा," ती त्याच्यावर वाकली. "तू चालवतोयस?"

बोट थांबलं.

इंजिनाचा आवाज खाली आला.

मग दोन्ही एकदमच उसळली. खिडकीची तावदानं थरथरली. वहिनीने तोंडाला पदर लावला. ती रडत होती की हसत होती, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

"आहेत गं," ती म्हणाली. "आत आहेत."

तास उलटला. दादाचे डोळे मिटले, श्वास लांब झाला. बोट चादरीवर शांत पडलं. इंजिनही मंदावलं, पण थांबलं नाही.

धाकटी गॅरेजात गेली. किल्लीला हात लावायचा धीर तिला झाला नाही. तिने बॉनेट उघडलं आणि इंजिनाजवळ तळवा नेला. झळ लागली नाही. मग भीत भीत तो धातूवर टेकवला.

इतका वेळ चाललेल्या इंजिनाने हात भाजायला हवा होता. ते नुसतं कोमट होतं, झोपलेल्या माणसाच्या कपाळाइतकं.