डोक्यावर आहे, येऊ दे

ही गोष्ट माझ्याबाबतीत घडली आहे. पटली नाही तर सोडून द्या. मलाही कोणाला पटवायचं नाही.

हॉस्पिटलसमोरचा रस्ता, भर दुपार, माणसांची ही गर्दी.

आम्ही रस्ता न खणता खालून पाइप टाकतो. मी मशीनवर बसून रॉड जमिनीत ढकलतो. पुढच्या टोकात सिग्नल असतो. वर एक जण यंत्र घेऊन चालतो आणि टोक कुठे पोचलं ते वॉकीटॉकीवर सांगतो. मला खालचं काही दिसत नाही. त्याचा आवाज म्हणजेच माझे डोळे.

आधी तो आवाज माझ्या दाजींचा होता.

"पायाखाली आहे, येऊ दे," एवढंच म्हणायचे.

दोन महिन्यांपूर्वी याच रस्त्याच्या त्या टोकाला पाइप जोडायला खणलेला खड्डा ढासळला आणि दाजी मातीखाली गेले. काढायला फार वेळ लागला. डॉक्टर म्हणाले, जागच्या जागी गेले, त्रास झाला नाही. त्या एका वाक्यावर ताई दोन घास खाते.

मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही. कामावर जातो, घरी येतो.

त्या दिवशी यंत्र आमच्यातल्या लांब्याकडे होतं. बसच्या आड तो दिसेनासा झाला. वॉकी खरखरली...

"डोक्यावर आहे, येऊ दे."

लांब्याला चेष्टेची खोड आहे. म्हटलं, असेल. ढकलत राहिलो.

"थांब."

थांबलो.

"पुढे गॅसची लाइन आहे. डावीकडे घे."

नकाशात तिथे लाइन नव्हती. तरी घेतलं. का, ते सांगता येणार नाही. हात आपोआप वळला.

थोड्या वेळाने लांब्या धावत आला. घामाघूम.

"बहिरा झालास का रे? वॉकी कधीची बंद पडलीय. तिकडून हात करतोय, तुझं आपलं चालूच."

मी त्याची वॉकी पाहिली. बंदच होती.

मी लाइनचं बोललो तेव्हा साइटच्या साहेबांनी तिथे खणून बघितलं. गॅसची लाइन निघाली. आमचा रॉड तिच्यापासून वीतभर बाजूने गेला होता. सरळ गेलो असतो तर हॉस्पिटलच्या दारातली माणसं...

सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मला काहीच वाटलं नाही. मशीन बंद करून तसाच बसून राहिलो.

तेवढ्यात माझी वॉकी पुन्हा खरखरली...

आवाज दमलेला होता. तोंडात काहीतरी असल्यासारखा.

"किती वेळ लागेल रे?"

मी बटण दाबलं. "कशाला, दाजी?"

बराच वेळ नुसता श्वास.

"मला काढायला."

मग काहीच नाही.

घरी गेलो. ताईने विचारलं, "काम नीट झालं ना?"

"झालं."

तिने माझं ताट वाढलं, स्वतःचंही वाढून घेतलं. आताशा ती जेवते. रात्री झोपही लागते तिला.

तिला मी काहीही सांगितलेलं नाही. दाजी जागच्या जागी गेले, एवढंच तिला माहीत आहे.