सहा बाण आणि एक सही

तो दवाखान्यात आला तेव्हा त्याच्या हातात त्याच्याहून उंच काठी होती, म्हणून मी त्याला सरळ गुडघेदुखीवाल्यांच्या बाकावर बसवलं. माझं काय चुकलं? फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माणूस काठी घेऊन आणखी कशाला येणार? नंबर आल्यावर टेबलावर झोपवलं, डावा गुडघा वाकवला, उजवा वाकवला, दोन्ही वाट्या हलवून पाहिल्या. चांगली पाच मिनिटं. तो मुकाट्यानं छताकडे बघत होता.

"दुखतंय नेमकं कुठे?"

"खांद्यात."

"मग इतका वेळ बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतकं मन लावून बघत होतात... मला मोडता घालवेना."

सकाळपासून अकरा पेशंट झाले होते आणि थट्टा ऐकून घ्यायची माझी मुळीच तयारी नव्हती. पण बोलता बोलता त्याचेच कान लाल झाले. मग मला ओरडता येईना.

ती काठी म्हणजे धनुष्य होतं. दोरी उतरवली की ते असं सरळसोट दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं. तो सुतार होता. दिवसभर दारं-खिडक्या, आणि उरलेल्या वेळात धनुष्यं. जुन्या पद्धतीची, अखंड लाकडातून तासलेली, ना चाकं ना नेम धरायची दुर्बीण.

"शंभर पौंडांचं आहे," तो अभिमानानं म्हणाला.

मी उचलून पाहिलं. कपडे वाळत घालायच्या दांडीपेक्षा थोडंसंच जड. "हे? शंभर पौंड?"

"वजन नाही हो, ताण. दोरी कानापर्यंत आणायची तर पंचेचाळीस किलो ओढावे लागतात."

"कितीदा ओढता?"

"रोज चाळीसदा."

"मग खांदा दुखणार नाही तर काय गाणं म्हणणार?"

आठवड्यातून दोनदा तो येऊ लागला. मंगळवारी आणि शुक्रवारी, साडेपाचला. अंगाला लाकडाच्या भुशाचा वास, नखात डिंक. मी दंड धरून हात वर न्यायची आणि तो दात-ओठ खात बोलत राहायचा. सगळं बोलणं एकाच गोष्टीचं. या भागात त्याच्याशिवाय असली भारी धनुष्यं ओढणारे अकरा जण होते, आणि अकराही आपापल्या परसात एकेकटे, शेजाऱ्यांचे टोमणे खात. त्याला त्यांची एक संस्था काढायची होती. बंद पडलेल्या वीटभट्टीमागचं मैदान मिळत होतं. धनुर्विद्येच्या मुख्य संस्थेनं मान्यता दिली की विमा मिळणार, आणि विमा असला तरच मालक मैदान देणार.

"आणि मान्यता कशी मिळते?"

"त्यांचा निरीक्षक येतो. होणाऱ्या प्रमुखानं त्याच्यासमोर शंभर पौंडांच्या धनुष्यानं सहा बाण मारायचे. दोनशे पावलांच्या पलीकडे." तो थांबला. "आणि खांदा धडधाकट असल्याची एक सही लागते. तुमच्यासारख्या कुणाची तरी."

"म्हणजे गोड बोलणं त्यासाठी चाललंय तर!"

"छे... सही मिळाली तरी मी येतच राहणार आहे."

घरी आल्यावर मी नको इतका वेळ केस विंचरत बसले. वहिनी दारात उभी राहून बघत होती. "दुखतोय त्याचा खांदा," ती म्हणाली, "आणि आरशासमोरून तू का हलत नाहीस गं?"

एका रविवारी मी मैदानावर गेले. गुडघाभर गवत, वर ढगाळ आभाळ, भट्टीच्या भिंतीवर वाळत टाकलेली कुणाची तरी ताडपत्री. पाच-सहा जण जमले होते. त्यांत एक बेकरीवाली होती, पन्नाशीची, पहाटे तीनपासून कणीक मळणारी. ती गप्पा मारता मारता भारी धनुष्य असं ओढायची, जणू खिडकीचा पडदाच सरकवतेय.

मला त्यानं तीस पौंडांचं दिलं. "हातानं ओढू नका. पाठीनं."

"पाठीनं कसं ओढतात?"

त्यानं दोन बोटं माझ्या पाठीवर टेकवली... अगदी हलकेच, खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधोमध. "इथून."

तिथे कुठले स्नायू असतात, ते कुठून निघतात नि कुठे जोडले जातात, हे मी परीक्षेत लिहून पास झालेली बाई. त्या क्षणी मला एकाचंही नाव आठवेना. बाण सुटला आणि जेमतेम वीस पावलांवर गवतात घुसला. तो टाळ्या वाजवत राहिला. त्याच दिवशी मी मनाशी कबूल केलं की माझं याच्यावर प्रेम बसलंय.

आणि त्याच आठवड्यात त्याच्या खांद्याचा एमआरआय आला.

खांद्याचा स्नायू हाडाला जोडणारी कंडरा अर्ध्याहून जास्त फाटली होती. मी तो रिपोर्ट तीनदा वाचला. हलकं धनुष्य चाललं असतं, रंधा चालला असता, करवत चालली असती. शंभर पौंड मात्र पुन्हा कधीच नाही. कंडरा पूर्ण तुटली तर हात खांद्याच्या वर जाणार नव्हता, आणि हात वर न जाणारा सुतार दाराची चौकट कशी बसवणार?

शुक्रवारी तो आला तो फॉर्म घेऊनच. निरीक्षकाची तारीख ठरली होती. मी रिपोर्ट त्याच्यासमोर ठेवला आणि सगळं नीट, एकेक करून सांगितलं.

"सहाच बाण आहेत," तो म्हणाला.

"कितव्याला तुटेल ते मला सांगता येत नाही."

"त्यानंतर नाही ओढणार. शप्पथ."

"मी सही करणार नाही."

"अकरा माणसं वाट बघताहेत! तीन वर्षं मी एकेकाच्या दारात जाऊन त्यांना गोळा केलंय. मी प्रमुख नाही तर दुसरं कोण?" त्याचा आवाज चढला. "तुला काय कळणार? तू एक बाण मारलास, तोही गवतात!"

पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला होता... आणि म्हणाला तो असा.

"दुसऱ्या कुणाची सही घ्या मग," मी म्हणाले. "पैसे घेऊन सही करणारे खूप आहेत या गावात."

तो फॉर्म उचलून निघून गेला. मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं, त्यांची मान शेकली, आणि मग आतल्या खोलीत जाऊन रडले. एक सही तर करायची होती! दोन सेकंदांचं काम. कदाचित काहीच झालं नसतं, आणि तो माझा झाला असता. पण माझ्या सहीनं त्याचा हात गेला असता तर त्या हाताकडे मी जन्मभर कशी बघणार होते?

तीन आठवडे तो फिरकला नाही. मंगळवार-शुक्रवारचे साडेपाच मी कुणालाच दिले नाहीत. वहिनी चिडवायची थांबली, त्यावरूनच काय ते समजा. मग एका संध्याकाळी बेकरीवाली पिठाच्या हातांनीच दवाखान्यात आली. "उद्या दहाला निरीक्षक येतोय," ती म्हणाली. "आमचा सुतार काही तुला बोलावणार नाही. मी बोलावतेय. ये."

"सही मिळाली त्याला?"

"मला नाही माहीत गं. तोंड शिवल्यासारखा हिंडतोय नुसता."

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर पोहोचले तेव्हा निरीक्षक काट्याला लटकवून धनुष्याचा ताण मोजत होता. शंभरावर दोन. त्यानं मान हलवली. "प्रमुख कोण? आणि सहीचा कागद?"

सुतारानं मला पाहिलं. मग तो निरीक्षकाकडे वळला. "सही मला मिळाली नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माझा खांदा गेलाय. दुसऱ्याकडून मी मागितली नाही." मग त्यानं धनुष्य उचललं आणि बेकरीवालीपुढे धरलं. "प्रमुख या होतील."

"मी? अरे, मला ते अर्ज-बिर्ज काही कळत नाही!"

"कागद मी बघेन. तुम्ही ओढा."

"खांद्याची सही यांच्यासाठीही लागेल," निरीक्षक म्हणाला.

मी पुढे झाले. तिथेच गवतात उभं राहून बेकरीवालीचे दोन्ही खांदे तपासले. वर, मागे, आत, बाहेर, जोर लावून. असे खांदे मी अख्ख्या नोकरीत पाहिले नव्हते. सुतारानं पाठ पुढे केली, त्या पाठीवर फॉर्म ठेवून मी सही केली. तो हललाही नाही.

बेकरीवालीनं सहा बाण मारले. सहाही पल्ल्याच्या पार गेले. सुतार तिच्या मागे उभा राहून मोजत होता, आणि प्रत्येक वेळी ती दोरी ओढायची तेव्हा त्याची उजवी मूठ आपोआप आवळली जायची. लोक ओरडत तिच्याकडे धावले. तो मात्र भट्टीच्या भिंतीकडे चालू लागला. मी मागोमाग गेले.

"अभिनंदन," मी म्हणाले. "झाली संस्था."

"झाली." त्यानं डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. "पंधरा वर्षं ओढत होतो मी ते. यापुढे... नाही."

"नाही."

"तीन आठवडे रोज तुला शिव्या घातल्या. अजून राग आहे. खोटं कशाला बोलू?"

"असू दे."

"आणि रोज साडेपाचला कामात हात चालेना. परवा एक आख्खं दार उलट्या बाजूनं बसवून आलो." तो माझ्याकडे वळला. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. तरी राग जाईना. हे काय असतं?"

"मला नाही माहीत," मी म्हणाले. "माझंही आहे तुझ्यावर. पण उद्या परत फॉर्म आणलास, तर परत नाहीच म्हणेन."

मग त्यानं दुखरा उजवा हात जपून उचलला, जेवढा वर येत होता तेवढाच, आणि माझ्या गालाला लावला.