ओला शिक्का

हे ऐकीव नाही. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या बाबतीत घडलेलं आहे, आणि देवासमोर बसून मी खोटं लिहिणार नाही.

हाडं गोठवणारी ती संध्याकाळ. वाचनालयाच्या तळघरात गोरगरिबांना फुकट जेवण मिळे. वाढायला जाऊबाई. वाडगा देताना त्या हातावर निळा शिक्का मारत. शिक्का दिसला की पुन्हा वाढायचं नाही, हा तिथला नियम.

एक म्हातारी एका आंधळ्याला घेऊन आली. आधी त्याला वाढून घेतलं, हाताला धरून बाकावर बसवलं, मग स्वतः रांगेला लागली.

तिच्या तळहातावर निळं होतं.

"आजी, पोटाला भोक पडलंय का?"

"ताई, हा त्याचा शिक्का. ओला होता, हात धरला तेव्हा मला लागला."

"शिक्का खोटं बोलत नाही, आजी. तोंड बोलतं."

रांग हसली. म्हातारी पायऱ्या चढून गेली.

उरलेला रस्सा जाऊबाईंनी मोरीत ओतला.

सकाळी म्हातारी वाचनालयाच्या दारातच सापडली... ताठ झालेली... तळहात तसाच पुढे केलेला.

त्याच दुपारी जाऊबाई घरी जेवायला बसल्या.

सून म्हणाली, "आई, आत्ताच तर जेवलात."

"काहीतरीच काय?"

सुनेनं ताट दाखवलं. चाटूनपुसून स्वच्छ.

आणि जाऊबाईंच्या तळहातावर... निळं.

साबण झाला, घासणी झाली, कातडी सोलली. डाग हलला नाही.

मग रोज तेच. ताट समोर येई. त्या हात घालणार, तोच शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून... वाडग्यात चमचा खरवडल्याचा आवाज.

ताट रिकामं.

"चौघांचं खातात, पण अंगी लागत नाही," घरचे म्हणत. डॉक्टर म्हणाले, भूक उत्तम आहे.

काल भेटायला गेले. अंथरुणावर नुसता सापळा.

"तू तरी भरव गं."

मी उजव्या हातानं त्यांचा तो निळा तळहात घट्ट धरला. दुसऱ्या हातानं घास तोंडाशी नेला...

चमचा खरवडला.

माझी बोटं रिकामी होती. आणि ओली... कुणीतरी चाटल्यासारखी.

पहाटे जाऊबाई गेल्या. उपाशी.

आज दुपारी मी पानावर बसले. लेक स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, पुन्हा बसलीस?"

हे मी डाव्या हातानं लिहिते आहे.

उजवी मूठ अजून उघडलेली नाही.