हनिमूनला एकटीच

बेंगळुरात जयनगरच्या भर गर्दीत सुखदाच्या सूटकेसचं चाक निखळलं आणि घरंगळत थेट एका दुकानात शिरलं. सूटकेस गुलाबी, भली थोरली, रुखवतात मांडायला घेतलेली. लग्नच मोडलं म्हटल्यावर ती परत करायला सुखदा सर्जापूर रोडवरून धडपडत आली होती, पण दुकानदाराने हात वर केले होते. आणि आता हे चाक! ती तोंडातल्या तोंडात एक सणसणीत शिवी हासडून त्याच्या मागे गेली.

काउंटरमागे एक कुरळ्या केसांचा तरुण चाक हातात घेऊन उभा होता. हसू लपवायचा तो जराही प्रयत्न करत नव्हता.

"शिवी मराठीत दिलीत म्हणून मराठीतच विचारतो. तुमचंच ना हे, अक्का?"

"चाक माझं. अक्का मी कुणाची नाही!"

"सरी, बरं... मग नाव सांगा."

नाव सांगायची तिला काही गरज नव्हती. पण सांगितलं खरं. त्याचं नाव संताजी. घराणं कैक पिढ्या बेंगळुरातलं, त्यामुळे मराठीत मधूनमधून कन्नड डोकावायचं. तंबू, स्लीपिंग बॅगा, पाठीवरच्या सॅक भाड्याने द्यायचं त्याचं दुकान होतं. चार पैसे गाठीशी आले की दुकान काकांच्या गळ्यात मारून तो भटकायला पळायचा.

"एवढं घर घेऊन कुठे निघालात?" सूटकेसकडे बघत त्याने विचारलं.

"व्हिएतनामला. हनिमूनला."

"अरे वा! आणि नवरदेव?"

"तो येत नाहीये."

संताजीच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच मावळलं. मग सुखदानेच सगळं सांगून टाकलं. यशोवर्धनच्या घरच्यांना साखरपुड्यानंतर साक्षात्कार झाला होता की मुलगी जरा जास्तच बोलते. यशोवर्धनने मान डोलावली आणि लग्न रद्द केलं. विमानाचं तिकीट मात्र त्यानेच काढलेलं, स्वस्तातलं स्वस्त. ते रद्द होत नव्हतं, पैसे परत मिळत नव्हते, नावही बदलता येत नव्हतं. नागपूरहून आई रोज सांगत होती, जाऊ दे गं ते तिकीट, हनिमूनला एकटी गेली म्हणून लोक तोंडात शेण घालतील.

"मग?"

"मग काय? मी चाललेय. माझ्या नावावर सीट आहे, मी बसणार!" तिचा आवाज चढला होता. डोळे मात्र भरून आले, आणि त्याचा तिला भयंकर राग आला.

संताजीने पाण्याची बाटली पुढे केली. मग त्याने भिंतीवरची एक राखाडी सॅक काढली. "ही घ्या. तुमच्या तिकिटावर सामान सात किलोच्या वर चालणार नाही. मी दोनदा जाऊन आलोय तिथे. शनिवारी या, शिकवतो."

शनिवारी ती आली. त्याच्या पुढच्या शनिवारीही आली. तिसऱ्या वेळी तर काही कारण नव्हतं, तरी आली. संताजी तिची सॅक उपसायचा आणि ती भांडायची.

"तीन जीन्स कशाला? पावसात भिजली तर दोन दिवस वाळत नाही."

"फोटोत रोज तीच दिसेल."

"फोटो कोण बघतंय? त्या यशोवर्धनला दाखवायचेत काय?"

तिने एक जीन्स काढली. मग दुसरीही काढली.

तो सांगत जायचा. ई-व्हिसा आधीच काढा, नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच भरा. हॉस्टेलात फक्त बायकांची डॉर्म असते, ती मागा. रात्रीच्या स्लीपर बसमध्ये खालचा बर्थ घ्या आणि चपला काढून पिशवीतून आत न्या. पाटीवर 'चाय' दिसलं तर चहा नाही, शाकाहारी जेवण समजा. तिथल्या डाँगच्या नोटा उजेडात बघून द्या, वीस हजार आणि पाच लाख दोन्ही निळ्या.

"पाच लाख?" सुखदाने डोळे मोठे केले. "म्हणजे मी तिथे श्रीमंत!"

"नूडल्स खाईपर्यंत."

ती दुकानात असताना फोन आला की आईसुद्धा हळूहळू त्याला प्रश्न विचारू लागली होती. दही मिळतं का, पोळीसारखं काही मिळतं का? "भात आहे काकू, स्वल्प अॅडजस्ट करायचं," तो म्हणायचा, आणि आई चक्क हसायची.

एका दुपारी तो तिला रस्त्यावर घेऊन आला. समोरून रिक्षा, स्कूटर, गाड्या नुसत्या वाहत होत्या.

"तिथे रस्ता ओलांडायचा तर थांबायचं नाही, पळायचं नाही, मागे फिरायचं नाही. हळू, एका चालीने जात राहायचं. ते तुम्हाला चुकवून जातात."

"इथे नाही चुकवणार! इथे सरळ वर पाठवतील."

"म्हणून आज माझा हात धरा... फक्त आज."

तिने हात धरला. गरम, कोरडा हात. मोगऱ्याच्या गजऱ्यांचा आणि डिझेलचा वास एकत्र येत होता. दोघं एका चालीने पलीकडे गेले, एक रिक्षावाला कन्नडमध्ये काहीतरी खेकसला, आणि पलीकडचा फूटपाथ आल्यावरही हात कुणीच सोडला नाही.

"काय म्हणाला तो?" तिने विचारलं.

"म्हणाला, प्रेमात पडा, पण माझ्या रिक्षाखाली नको."

"खोटं!"

"स्वल्प खोटं," संताजी म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. परत येताना तिने रस्ता एकटीने ओलांडला. चहूकडून हॉर्न वाजत होते, पण ती थांबली नाही.

निघायचा दिवस जवळ आला तसा नागपूरला गोंधळ वाढला. बाबांनी निर्वाणीचं सांगितलं, एकटी जाणार असशील तर आमच्याशी बोलू नकोस. त्या शनिवारी सुखदा दुकानात असतानाच आईचा फोन आला. आईने तोडगा काढला होता.

"अगं, त्या संताजीलाच ने सोबत. आम्ही त्याचे पैसे भरतो. लोकांना सांगू, ग्रुप टूरने गेली, तो गाईड आहे. बाबांनाही मी पटवते."

फोन स्पीकरवर होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सुखदाला मोह झाला... खोटं कशाला बोला, फारच झाला. समुद्राकाठी हा शेजारी असेल, नोटांवरून भांडेल. आणि घरचेही खूश.

मग तिला यशोवर्धनची डोलणारी मान आठवली. नवरा नाही तर गाईड! कुणीतरी हवाच?

"नाही, आई. मी एकटीच जाणार."

"तू गप्प बस! जास्त बोलतेस. त्याला दे फोन."

संताजी फोनकडे वाकला.

"काकू, हो म्हणावंसं फार वाटतंय. पण मी जाणार नाही. तिला कुणाची सोबत नकोय. सोबत... मला हवीये. तिची, कायमची. पण त्याचा या ट्रिपशी काही संबंध नाही."

पलीकडून "अगं बाई!" एवढंच ऐकू आलं आणि फोन कट झाला.

सुखदा उभी राहिली. गाल तापले होते. "हे तू मला सांगायच्या आधी माझ्या आईला सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं. तुम्ही कधी विचारलंच नाही."

ती सॅक उचलून तरातरा निघून गेली. बसमध्ये चढल्यावर मात्र तिला हसू आवरेना.

निघायच्या दिवशी सकाळी ती विमानतळाच्या बसमधून उतरली तेव्हा संताजी आधीच तिथे पोचलेला होता. जवळच येलहंक्यात मित्राकडे काम होतं म्हणे. ते त्याला तरी पटत होतं की नाही, कोण जाणे.

"उत्तर आल्यावर द्या," तो घाईघाईने म्हणाला. "घाई नाही."

"आल्यावर नाही. तिकडे एकटं वाटलं म्हणून ही हो म्हणाली, असं व्हायला नकोय मला." सुखदाने सॅकचे पट्टे घट्ट ओढले. "आत्ता मला अजिबात एकटं वाटत नाहीये. भीतीही वाटत नाही. तुझ्यावाचून माझं काहीही अडलेलं नाही. आणि तरीही तू मला आवडतोस. खूप."

संताजीचे कान पुन्हा लाल झाले. तिने त्याचे कुरळे केस एकदा विस्कटले, तिकीट दाखवलं आणि आत गेली.

सिक्युरिटीच्या रांगेत फोन वाजला. आई होती. बाबा अजून बोलत नव्हते.

"सोबत कोण आहे?" आईने विचारलंच.

"मी आहे ना."

"आणि तो?"

"तो बाहेर राहिला. त्याला आत्ताच हो म्हणून आले."

पलीकडे आईने दार लोटल्याचा आवाज आला. मग हळूच, बाबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिने विचारलं, "आडनाव काय गं त्याचं?"

"आल्यावर सांगते," सुखदा म्हणाली. आईचं "अगं पण..." चालू असतानाच तिने फोन ट्रेमध्ये ठेवला आणि ट्रे पुढे ढकलला.