उरलेलं अंतर

जवळ सरक, मोठ्यानं सांगण्यासारखं नाही हे. तू आईच्या पोटात होतीस तेव्हाचं. तुझ्या बाबांचं, म्हणजे माझ्या भावाचं, यकृत अचानक निकामी झालं. माझ्या यकृताचा तुकडा त्याला चालेल, असं तपासणीत निघालं. लगेच तुझ्या आईचा फोन आला, "ताई, डॉक्टर म्हणतात, इथल्या संध्याकाळच्या पुढं थांबता येणार नाही." माझ्या शिवणकामाच्या दुकानात एका कोटाची बाही अर्धी झाली होती. ती तशीच मशिनवर सोडली आणि विमानतळ गाठला.

नऊ हजार किलोमीटर, अकरा तास. वेळेत पोचले असते. पण निम्म्या वाटेवर वैमानिकानं सांगितलं, समोरून जोराचा वारा आहे, बराच उशीर होईल. पुढच्या पडद्यावर उरलेलं अंतर दिसत होतं, साडेचार हजार. आकडा हलता हलेना.

"किती राहिलं गं?"

शेजारची खिडकीची जागा निघाल्यापासून रिकामी होती. आता तिथं एक म्हातारी बसली होती. अंगावर शाल, आणि वास कसा, तर वर्षानुवर्षं न उघडलेल्या पेटीचा.

"बरंच राहिलंय," मी कसंबसं म्हटलं. "भाऊ वाट बघतोय..."

"माझी लेक बघत होती." खिडकीकडे तोंड करूनच ती बोलत होती. "मी इथंच संपले... वाटेतच. तू तरी पोच."

तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. गार, ओलसर. त्यासरशी विमानाची घरघर थांबली. कशाचाच आवाज नाही. पलीकडच्या माणसाचा पेला ओठांपाशी तसाच थांबलेला. बाहेर लख्ख ऊन, आणि त्या उन्हात ढग नुसते फाटत मागं चाललेले. मला ओरडायचं होतं, तोंड उघडेना. पडद्यावरचा आकडा मात्र भराभर उतरत होता. तीन हजार... हजार... शंभर...

"घाबरू नकोस," ती कुजबुजली. "आलंच आता."

चाकं जमिनीला टेकली. वैमानिकाचा आवाज गोंधळलेला होता. आपण वेळेच्या खूप आधी पोचलोय, म्हणाला. शेजारी कुणीच नव्हतं.

ऑपरेशन त्याच दिवशी झालं. शुद्धीवर आल्यावर तुझे बाबा पहिलं काय म्हणाले असतील? "ताई, आता तुझा खडूसपणाही माझ्यात येणार का गं?" हसताना दोघांचेही टाके दुखले, तरी हसलो. पुढं तू झालीस. तुला मांडीवर घेतलं आणि मगच मी घरी निघाले.

परतीच्या विमानातही शेजारची जागा रिकामी होती. विमान धावपट्टीवर वळलं, आणि त्या जागेचा पट्टा आपोआप खट्‌कन लागला.

"लेक भेटली का हो?" मी हळूच विचारलं.

पट्टा सावकाश आवळत गेला... कुणाच्या तरी अंगाबरोबर बसेपर्यंत.